जांभूळमाळची भांडी

"ह्यातलं एकसुद्धा भांडं आपलं नाही," उज्ज्वला वहिनी म्हणाली आणि हातातली पितळी डेचकी तिनं दाराच्या उजेडाकडे फिरवली.

दादा माळ्याच्या शिडीवर अर्ध्यात उभा होता. तिथूनच म्हणाला, "असं कसं? नीट बघ की. नाव घातलेलं असंल."

"नाव घातलंय, तेच सांगतेय. गंगूबाई सखाराम मांगले. ही कोण तुमची?"

ही आमची कोणीच नव्हती. दादानं खाली उतरून पोत्यातलं दुसरं भांडं काढलं, मग तिसरं. पातेली होती, कडीचे डबे होते, एक झाकणाचा तांब्या होता, आणि प्रत्येकावर वेगळ्या बाईचं नाव. आमच्या आईचं, हिराबाईचं, एकावरही नाही.

आई जाऊन महिना झाला होता. गडहिंग्लजचं ते भाड्याचं घर मालकाला परत द्यायचं होतं, म्हणून दादा-वहिनी कोल्हापुरातून आले होते आणि मी निपाणीहून. आईनं जन्मात काही टाकलं नव्हतं. आमचे आप्पा डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर, त्यामुळे औषधाच्या रिकाम्या बाटल्याच दोन खोकी भरून निघाल्या. शिवाय ओटीत आलेल्या आणि कधीही न शिवलेल्या ब्लाउजपीसांचे गठ्ठे, सायकलच्या फाटक्या ट्यूबा, दादाची पहिलीतली पाटी. प्रत्येक बाटली उघडून मी वास घेत होते आणि प्रत्येक गठ्ठ्याची गाठ सोडून बघत होते. आमचं काम लांबलं ते माझ्यामुळे, असं वहिनीचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. लहानपणी आप्पा मला एस.टी. स्टँडवरची चौकशी खिडकी म्हणायचे.

ते पोतं माळ्याच्या पार मागच्या कोपऱ्यात होतं. तोंड बँडेजच्या पट्टीनं बांधलेलं; दादानं गाठ न सोडता ती नुसती सरकवून काढली होती.

"वन्सं, रागावू नका," वहिनी म्हणाली, "पण लोकांची इतकी भांडी घरात ठेवून घ्यायची म्हणजे काय? विसरून एखादं राहतं. पोतंभर राहत नाही."

शेजारच्या पोटेकाकू नेमक्या त्याच वेळी दारात उभ्या होत्या. त्या "बसा, चालू द्या तुमचं," म्हणाल्या आणि लगेच निघून गेल्या. आता संध्याकाळपर्यंत आख्ख्या गल्लीत बोभाटा होणार हे मला कळलं, आणि माझं डोकं फिरलं.

कारण दुसऱ्या कुणाच्या आईबद्दल हे बोललं असतं तर चाललं असतं. आमच्या आईचा भांड्यांचा नेम सगळ्या गल्लीला माहीत होता. कुणी वाटीभर काही पाठवलं की त्या वाटीतून आईकडचं काहीतरी परत जायचंच. घरात काही नसलं तर कढीपत्त्याचा टाळा, चार लसणाच्या पाकळ्या, अगदीच कडकी असली तर चिमूटभर साखर. एकदा मी पोटेकाकूंचा डबा धुऊन तसाच देऊन आले, तर आईनं मला दोन कैऱ्या देऊन पुन्हा पिटाळलं. "सांग, मघाशी डबा एकटाच आला, ही त्याची सोबत." आम्ही तिला हसायचो. ती हसायची नाही.

"माझी आई कुणाचं भांडं ठेवून घेणारी नव्हती," मी म्हणाले.

"मग ही इथं चालत आली का?" वहिनीनं विचारलं. प्रश्न बरोबर होता, म्हणूनच जास्त लागला.

दादा मध्ये पडला. "जाऊ दे ना. कोण कुठल्या बायका. उद्या सकाळी मोडवाला येणारच आहे, त्याच्या तराजूत घालू. विषय संपला."

"काय संपला? आई चोर ठरली, त्याचं काय?"

"कोण म्हणतंय चोर?"

"पोटेकाकू म्हणतील. वहिनी म्हणत नाही, पण तिच्या डोळ्यांत दिसतंय."

वहिनीनं डोळे दुसरीकडे वळवले. दादा मला म्हणाला, "उघडली का चौकशी खिडकी?"

उघडली होतीच. ती सगळी भांडी मी अंगणात मांडून बसले. एक गोष्ट लगेच ध्यानात आली: नावं वेगवेगळ्या बायकांची असली तरी ठोकणारा हात एकच होता. प्रत्येक अक्षराला तसाच बाक, प्रत्येक 'बाई'तली 'ई' तशीच मोठी. म्हणजे एकाच गावातली, कदाचित एकाच गल्लीतली भांडी. दुसरं असं, की पन्नास वर्षांपूर्वीच्या धाटणीची ही पितळी भांडी, पण आतून कल्हई झक्क. वापरात नसलेल्या परक्या भांड्यांना कल्हई कोण करून ठेवतो? आणि तिसरं मला एका कडीच्या डब्यावर मिळालं. त्यावर पूर्ण पत्ता होता. लगमाबाई भैरू सुतार, जांभूळमाळ.

"जांभूळमाळ म्हणजे आजऱ्याच्या वाटेवरचा तो फाटा ना?" मी विचारलं.

"हां. फाट्यापासून आत आहे. आपण कधी गेलो नाही."

गेलो नव्हतो, पण त्या फाट्यावरून कितीतरी वेळा गेलो होतो. आप्पांच्या बहिणीकडे आजऱ्याला जाताना गाडी तिथं थांबायची. आई एरवी बसमध्ये खिडकीसाठी आमच्याशी भांडायची. पण तो फाटा आला की ती खिडकी सोडून आतल्या बाजूला सरकायची आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून डोळे मिटायची. मळमळतंय म्हणायची. गाडी सुटली की पुन्हा खिडकीला. हे मी दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "तिला गाडी लागायची."

"फक्त त्याच फाट्यावर?"

त्यानं पोतं झटकायला घेतलं. मग मीच म्हणाले, "उद्या जाऊन येऊ. लगमाबाई नसली तरी तिची सून असेल, नातू असेल. भांडी परत करू आणि कशी आली ते विचारू."

वहिनीनं मोडवाल्याला संध्याकाळपर्यंत थांबवायचं कबूल केलं. "त्याच्यापुढं नाही हं, वन्सं."

मी रात्री जेवणाआधी शेंगदाणे भाजले, गूळ किसला आणि लाडू वळले. दादा ओट्याशी येऊन दोन चोरून खाऊन गेला आणि वर म्हणाला, "पन्नास वर्षं डबा दाबून ठेवला, आता लाडू देऊन भागवणार होय?" मी लगमाबाईच्या डब्यात लाडू भरले. बाकीच्या भांड्यांना पुरले नाहीत. आईनं काय केलं असतं तेच करत होते, एवढंच मला कळत होतं.

सकाळच्या गाडीनं आम्ही फाट्यावर उतरलो. पोतं दादाच्या खांद्यावर, डबा माझ्या हातात. सुतारांचं घर विचारावं लागलंच नाही, कारण गल्लीच्या तोंडाशीच लाकडाचा भुसा पडला होता. दारातल्या कट्ट्यावर एक म्हातारी चिंच फोडत बसली होती. समोर चिंचोक्यांचा ढीग.

"लगमाबाई सुतार इथंच राहतात का?" दादानं विचारलं.

"मीच की. कोण पायजे?"

मी डबा तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं चिंचेचे हात पदराला पुसले आणि डबा उचलला. नावाकडे तिनं पाहिलंच नाही. बुडाशी बोट फिरवत गेली आणि एका जागी थांबली.

"ह्यो पोचा माझ्या थोरल्यानं पाडलावता. पाळण्यातनं ढकलून." मग आमच्याकडे बघून म्हणाली, "तुमास्नी कुठं गावला ह्यो?"

आणि तिनं झाकण उघडलं. आत लाडू दिसल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. झाकण लावलं आणि डबा हातभर लांब सरकवला.

"भरून कुणी आणायला सांगिटलं ह्यो?"

मी गोंधळले. "आमच्या आईची रीत होती. भांडं रिकामं परत द्यायचं नाही."

"कोण तुझी आई?"

"हिराबाई. गडहिंग्लजला कंपाउंडर होते ना, त्यांच्या मंडळी."

"मला न्हाई ठावं कोण हिराबाई." ती माझ्याकडे बघत राहिली. मान एका बाजूला करून बघितलं, दुसऱ्या बाजूला करून बघितलं. "तुझ्या आईच्या हनुवटीवर गोंदल्यालं हुतं काय? तीन ठिपकं. मधला फिसकटल्याला?"

"होतं."

म्हातारीनं डोळे बारीक केले. "अनशी," ती म्हणाली. "अनशीची लेक हाईस तू."

"काहीतरी चुकतंय, आज्जी," दादा घाईनं म्हणाला. "आमच्या आईचं नाव हिराबाई."

"ते मागनं ठेवलं असंल. हितं ती अनुसया हुती. त्या समोरच्या घरात नांदत हुती." तिनं बोट केलं. समोर कुडाचं पडकं घर होतं आणि त्यात कुणीतरी कडबा भरून ठेवला होता.

दादा पोत्यावर बसला. मी कट्ट्यावर म्हातारीच्या शेजारी टेकले. खरं सांगते, मला त्या क्षणी दुःख वगैरे काही झालं नाही. मला फक्त पुढचं ऐकायचं होतं. आई कुठल्या तरी दुसऱ्या नावानं त्या समोरच्या दारातून आत-बाहेर करत होती, ह्याची मला इतकी नवलाई वाटत होती की मी दादाकडे बघायलाही विसरले.

"दोन पावसाळंबी झालं नव्हतं लगनाला," लगमाबाई सांगू लागली. "नवरा रानात गेला आणि त्याला पान लागलं. साप गं, साप डसला. सांजच्याला खाटंवरनं आणला. मूल ना बाळ, अशी ही वीस वर्षांची पोर. आमच्या गल्लीची रीत हाय, मयताच्या घरात चूल पेटवू द्यायची न्हाई. समद्यांच्या घरनं जेवाण जायाचं. माझ्याकडनं ह्या डब्यातनं पिठलं गेलं. गंगूनं आमटी दिली. ज्येनं त्येनं दिलं."

"मग?"

"मग सासूनं तिच्या भावाला सांगावा धाडला, घेऊन जावा हिला, पांढऱ्या पायाची हाय. भाऊ गाडी घेऊन आला. सासूनं वाटीसुदीक नेऊ दिली न्हाई. पोर अंगावरच्या लुगड्यावर भाईर. मग आमी बायकांनी काय केलं, घरोघरचं जेवाण तसंच भांड्यासकट पोत्यात घातलं आणि गाडीत ठिवलं. म्हटलं, वाटंत खा. त्या पोरीला पदराचं भान नव्हतं, ती भांडी काय मागती?"

"म्हणजे भांडी तुम्ही दिलीत," मी म्हणाले. "तिनं नेली नाहीत."

"आमीच दिली की."

"पुन्हा एकदा सांगा, आज्जी. ह्याला ऐकू द्या."

"बहिरा हाय काय त्यो?" असं म्हणून तिनं दादाकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "आमी दिली. आमच्या हातानं बांधून दिली."

दादानं मान हलवली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, पण उत्सुकता काही उतरली नव्हती. "मग तिनं परत का नाही केली? गडहिंग्लज काय लांब आहे?"

लगमाबाईनं चिंचेचं एक बुटुक उचललं आणि परत ठेवलं. "वरीसभरानं तिचा भाऊ बाजारात गाठ पडला. म्हणाला, अनशी भांडी भरून पाठवती म्हणत्या, चालंल काय? मी म्हटलं, खुळी काय ती? दुखवट्याचं भांडं भरून परत द्यायचं नसतंय. भरून दिलं तर दुःख म्हागारी येतंय त्या घरात. रिकामं दे, धुऊन दे. आमी काय मागायला येणार न्हाई. ते बी मागायचं नसतंय. तर पुढल्या बाजाराला त्यानं तिचा निरोप आणला." तिनं तेच बुटुक पुन्हा उचललं. "म्हणाली, तुमी भरून दिली, मी रिकामी कोणत्या तोंडानं देऊ?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? रीत ती रीत. तिकडनं काय आलं न्हाई, हितनं कोण गेलं न्हाई. मागनं कळलं, दुसऱ्या जागी दिली तिला. म्हटलं, बरं झालं."

मला आई दिसायला लागली. पोटेकाकूंच्या वाटीत साखरेची चिमूट टाकणारी, मला कैऱ्या देऊन पिटाळणारी. आम्ही आयुष्यभर त्यावर चेष्टा केली होती. मला रडू आलं ते तिथं, त्या अनोळखी कट्ट्यावर, आणि मी ते आवरलं नाही.

दादा मात्र दुसऱ्याच ठिकाणी अडकला होता. बराच वेळ तो पोत्याच्या शिवणीशी चाळा करत बसला होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आप्पांना माहीत होतं?"

हा त्याचा प्रश्न होता. आप्पा गेल्यावर आठवडाभर हा माणूस जेवला नव्हता. माझ्या आईला दुसरं नाव होतं हे मला पचलं, पण त्याच्या बापाला कुणी फसवलं असतं तर ते त्याला पचलं नसतं.

"पोत्याचं तोंड कशानं बांधलंय?" मी विचारलं.

त्यानं पोत्याच्या तोंडावर परत चढवलेली पट्टी बघितली. दवाखान्यातलं बँडेज. आणि वर आप्पांची ती चपटी गाठ, जी आमच्या फुटलेल्या गुडघ्यांवर ते मारायचे.

"कल्हईवाला यायचा तेव्हा आप्पा माळ्यावरून एक पोतं काढायचे, आठवतंय?" मी म्हणाले. "मी विचारलं होतं, हे कुणाचं? तर म्हणाले, तुझ्या आईच्या लोकांचं आहे. मला वाटलं माहेरचं."

दादानं पट्टी गुंडाळून खिशात ठेवली.

"बापई चांगला हुता म्हणायचा तुमचा," लगमाबाई म्हणाली. "आणि काय रं, अनशीला का न्हाई आणली? पोतं आणलंसा, तिलाबी आणायची की. मी काय आता तिला रिकामं-भरल्यालं म्हणून वाद घालणार हाय व्हय?"

तेव्हा ध्यानात आलं की मुख्य गोष्ट आम्ही सांगितलीच नव्हती. दादा माझ्याकडे बघायला लागला. शेवटी तोच म्हणाला, "आज्जी, आई गेली. महिना झाला."

तिनं ऐकलं. काही वेळ चिंचोक्यांवरून हात फिरवत राहिली. मग तिनं लांब सरकवलेला डबा जवळ ओढला, झाकण काढलं, एक लाडू घेतला आणि उरलेल्या दातांच्या बाजूनं त्याचा तुकडा मोडला.

"ऐकलं न्हाईच शेवटी," ती चघळत म्हणाली. "भरूनच दिलं तिनं. हट्टी हुती ती हट्टीच." डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, खात राहिली.

उरलेले लाडू तिनं पदरात ओतून घेतले. बाकीची भांडी ज्याची त्याच्या घरी मी पोचवते, म्हणाली, ती रिकामीच आहेत, त्यांना अडचण नाही. मग आत तोंड करून सुनेला हाक मारली. "सुमन, चूल पेटीव. पिठलं टाक. भाकऱ्या थाप आणि ह्यो डबा घासून दे मला."

"कशाला आज्जी," दादा म्हणाला. "आम्ही निघतो. परत उशीर होईल."

"पन्नास वर्सांनी आलास आणि आता उशीर हुतोय? आई मेली न्हवं तुमची? मग दुखवटा तुमच्या घरात हाय. आमच्या गल्लीचं जेवाण जायाचं राहिलंय."

दादा उठला होता तो परत बसला.

डबा राखेनं घासून, पुसून, त्यात तिनं स्वतःच्या हातानं पिठलं भरलं. भाकऱ्या फडक्यात बांधल्या. डबा माझ्या हातात देताना म्हणाली, "ध्यानात ठेव. परत करायचा झाला तर रिकामा कर."

"हो," मी म्हणाले.

लगमाबाई त्यानंतर दोन वर्षांनी गेली. डबा निपाणीला माझ्या फळीवर आहे. मी अधूनमधून तो उतरवते, धुते, फाट्यापर्यंत जायचं ठरवते आणि परत वर ठेवते.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा मोडवाला अंगणात तराजू मांडून बसला होता. औषधाच्या बाटल्या, फुटकी घमेली, ट्यूबा सगळं एका बाजूला काढलेलं. पोटेकाकूही होत्या, अर्थातच. वहिनीनं दादाच्या रिकाम्या खांद्याकडे बघितलं आणि मग माझ्या हातातल्या डब्याकडे.

"ह्यो पण देणार का?" मोडवाल्यानं विचारलं.

"हा नाही," दादा म्हणाला.

वहिनीनं डबा घेतला. "गरम आहे," ती म्हणाली आणि झाकण उचललं. "पिठलं? कुठून आणलंत?"

मी तोंड उघडणार होते. काय सांगावं, किती सांगावं, पोटेकाकूंसमोर सांगावं का, ह्याचा विचार मी बसमध्ये सगळ्या वाटेवर केला होता. दादा माझ्या आधी बोलला.

"आईच्या गल्लीतनं आलंय," तो म्हणाला. "ताटं घे. काकू, तुम्हीपण बसा."

तो चपला काढून हात धुवायला गेला.